वाचल्याशिवाय अंगठा नाई

हवालदार नगराळ्यांचा मला पहिल्यांदा राग आला तो त्यांच्या वाचनामुळे. माणूस काम घेऊन यायचा, मी त्याचा अर्ज भरायचो, शाईची डबी पुढे सरकवायचो, आणि अंगठा कागदावर टेकणार एवढ्यात हवालदारांचा हात मध्ये यायचा. "थांबा बाबू. वाचल्याशिवाय अंगठा नाई." मग तो इंग्रजी कागद मीच मराठीतून मोठ्यानं सांगायचा आणि हवालदार त्याचं वऱ्हाडी करून समोरच्याला ऐकवणार, पहिल्या ओळीपासून 'आपला आज्ञाधारक'पर्यंत. एका अर्जाला अर्धा तास. बाहेर व्हरांड्यात माणसं ताटकळलेली. त्यात समोरचा पेन्शनर तोफखान्यातला असला म्हणजे बहिरा असायचाच. मग त्याचा अर्ज रस्त्यापलीकडच्या पानठेलेवाल्यालाही पाठ होत असे. मी कपाळाला हात लावून बसायचो आणि मनात म्हणायचो, हा माणूस माझं पेन्शन होईपर्यंत वाचतच राहणार.

आमचं कार्यालय वर्ध्याला कचेरीच्या मागच्या अंगाला, दोन खोल्यांचं. लढाईहून परतलेले शिपाई, त्यांच्या बायका, मागे राहिलेले आईबाप यांची कामं बघायची, हे आमचं काम. आणि आम्ही ती बघतही होतो. कपाटाचं दार उघडलं की समोरच दिसायची. आत कॅप्टनसाहेब बसत. निवृत्त, दिलदार, पण कागद दिसला की त्यांना जेवणाची आठवण व्हायची. बाहेर मी, एकुलता एक कारकून, काळे बाबू. पन्नास साल उलटलं होतं, ब्रह्मदेशची लढाई लोक विसरायला लागले होते, आणि त्या लढाईचे कागद मात्र अजून टपालानं येत होते.

हवालदार आले तेव्हा त्यांच्या नेमणुकीच्या पत्रावर 'फिरता मदतनीस' असं लिहिलेलं होतं. मी त्याचा अर्थ चपराशी असा घेतला. त्यांनी त्याचा अर्थ फिरणं असा घेतला. उंच, सावळा, हाडापेराचा माणूस. डाव्या हाताची दोन बोटं लढाईत गेलेली, त्यामुळे कागद धरायला त्यांना दोन्ही हात लागत. राहायला सिंदी मेघेला, तिथून रोज पायी येत, आणि रस्त्यानं एकटे चालत असले तरी डावा-उजवा चुकत नसे. त्यांची बायको घरामागे वांगी लावायची. ती वांगी कधीमधी पिशवीतून कार्यालयात येत आणि व्हरांड्यातल्या कुणातरी बाईच्या पदरात जात. मला एकदाही मिळाली नाहीत. मी एकदा तसं म्हणालोही. ते म्हणाले, "तुमचा पगार सुरू हाय ना बाबू?"

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य होतं, "कागदाले पाय नसते. आपल्याले हायेत." पहिल्याच महिन्यात ते साहेबांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, मी बाजाराच्या दिवशी गावोगाव जाऊन बसतो. ज्याला वर्ध्याला यायचं तर एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते, तो कशाला येईल? साहेबांना यात नाही म्हणण्यासारखं काही सापडेना, म्हणून ते हो म्हणाले. आणि लिहायला कुणीतरी हवं म्हणून मला बरोबर जुंपलं.

पहिला बाजार जामचा. तिठ्याजवळ निंबाच्या सावलीत आम्ही एक टेबल मांडलं. हवालदार कडक इस्त्रीच्या खाकीत, कमरेला पट्टा, छातीवर रंगीत फिती, असे ताठ बसले. बाजूला मी, कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन. तासभर कुणी फिरकलं नाही. उलट माझ्या असं ध्यानात आलं की बाजारच पातळ होत चाललाय. चणेफुटाण्यांच्या दुकानावरचं टोळकं उठून गेलं. बैलांच्या दावणीपाशी आता नुसती म्हातारी माणसं उरली. एक बाई तर मिसरूड फुटलेल्या आपल्या मुलाचं मनगट धरून त्याला तरातरा गावाबाहेर घेऊन चालली होती, आणि तो बिचारा मागे वळून जिलेबीकडे बघत होता. शेवटी मी एका हमालाला विचारलं, काय भानगड आहे? तो म्हणाला, "तुमाले नाई माहीत? भरती सुरू झाली ना. थो खाकीवाला पोट्टे पकडून राह्यला."

मला हसू आवरेना. हवालदार मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर हाय त्याईचं. खाकी येते अन् घरातलं पोरगं घेऊन जाते, एवढंच त्याईनं पाह्यलं. खाकी काई द्याले बी येते, हे कधी कोणं पाह्यलं?" पुढच्या बाजारापासून त्यांनी खाकी पेटीत घातली. धोतर, सदरा आणि खाली पलटणीचे काळे बूट, अशा अवतारात ते जामला बसायला लागले, समुद्रपूरला बसायला लागले, कारंजाला ट्रकांच्या धुरात बसायला लागले. बूट राहिले, कारण दुसरं पायताण त्यांच्याजवळ नव्हतं.

मग लोक आले. असे आले की मला मान वर करायला फुरसत मिळेना. एका बुढीनं पदराच्या गाठीतून आठ घड्या घातलेला कागद काढला. तो तिच्या मुलाला मिळालेल्या पदकाचा कागद होता, आणि तिनं तो जप्तीची नोटीस समजून इतकी वर्षं कणगीत दडवून ठेवला होता. हवालदारांनी तिला तो तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा वाचताना बाजारातली माणसं भोवती जमली होती, आणि ती बुढी मान हलवून एकेकाकडे बघत होती, ऐकलं का म्हणून. त्या दिवशी मला त्यांच्या वाचनाचा राग आला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला लागला, ते सोडा.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे आणि ती माझ्याबद्दलची आहे. कार्यालयात माझी सुरई वेगळी होती. तसा काही नियम नव्हता. हवालदार आले त्याच आठवड्यात मी ती घरून आणली आणि टेबलाखाली ठेवली. कशासाठी, ते त्यांना कळलं, मलाही कळत होतं. दोघंही बोललो नाही. त्यांनी व्हरांड्यातल्या माणसांसाठी रांजण मागितला. वरून उत्तर आलं, अशी तरतूद नाही. मग एका सकाळी ते आणि त्यांची बायको सिंदी मेघेहून बैलाच्या खाचरात घालून घरचाच रांजण घेऊन आले. त्यावर लाकडी झाकण, वर लांब दांडीचं ओगराळं. येईल त्यानं आपल्या हातानं घ्यावं. दुपारपर्यंत त्याला कुणी हात लावला नाही. माणसं घशाला कोरड घेऊन बसून राहिली. रांजण कुणाच्या घरचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग आतून कॅप्टनसाहेब आले, त्यांनी ओगराळं बुडवलं, ओंजळीनं घटाघटा पाणी प्यायले, "चांगलं गार आहे," म्हणाले आणि आत निघून गेले. त्यानंतर एकजण उठला, मग दुसरा. मला मात्र त्या रांजणाचं पाणी प्यायला दोन उन्हाळे लागले. वर्ध्याचे दोन उन्हाळे. मला त्याची लाज वाटते.

छप्पन साली ते नागपूरला दीक्षेला गेले. सोमवारी कामावर आले ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, चेहरा ताजातवाना. तोवर माझी सुरई घरी परत गेली होती. मी विचारलं, आता नाव वगैरे बदलणार का? ते म्हणाले, "नाव कायले बदलू बाबू? नावावर पेन्शन हाय." आणि लगेच टपाल फोडायला बसले.

पण मला सांगायचं आहे ते वेणूबाईचं. तिचं प्रकरण हवालदारांच्या आधीपासून माझ्या कपाटात होतं. कारंजाच्या पलीकडे आडबाजूच्या एका खेड्यात ती राहायची. लोकांच्या वावरात निंदण-वेचणी करून पोट भरायची. नवरा फौजेत गेला तेव्हा मुलगी राधा पाळण्यात होती. ब्रह्मदेशातून आपली फौज मागे हटली, तेव्हा तो परत आलेल्यांत नव्हता आणि मेलेल्यांच्या यादीतही नव्हता. पलटणीनं कळवलं, बेपत्ता. पुढे अशा घरांना पेन्शन देण्याचं ठरलं. त्यासाठी छापील अर्ज होता, आणि त्यात बाईनं लिहून द्यायचं होतं की माझा पती मयत असून मी त्याची विधवा आहे. वेणूबाईनं अंगठा द्यायला साफ नकार दिला. मग चौकशी निघाली. पटवारी गावात जाऊन आला आणि त्यानं अहवाल दिला, 'सदर बाई कपाळी कुंकू लावते व हातात बांगड्या भरते. सबब तिचा नवरा हयात आहे.' त्यावर वरच्या कार्यालयानं शेरा मारला, 'नवरा हयात, सबब पेन्शन नाही.' मीही शांतपणे तो कागद फाइलला लावला होता. खोटं कशाला सांगू, मला त्यात काही चूक दिसली नव्हती.

हवालदारांनी फाइल माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाले, "चला."

आम्ही कारंजापर्यंत ट्रकनं गेलो, पुढे पायी. वेणूबाई अंगणात कडबा रचत होती. चाळिशीच्या आतबाहेरची, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आम्ही वर्ध्याहून, सैनिकांच्या कार्यालयातून आलो म्हटल्यावर तिनं हातातली पेंढी खाली टाकली.

"कुकू पुसाले आले?"

"नाई," हवालदार म्हणाले. "वाचून दाखवाले आलो. तुमच्या नावाचे कागद हायेत, ते तुमाले कोणं वाचून दाखवले नसतील."

तिनं बाज टाकली. चहाही आला. माझा कपबशीत, हवालदारांचा कान तुटलेल्या कपात. तो कप वेगळ्या कोनाड्यातून काढताना मी पाहिला होता. हवालदारांनी चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि कागद उघडले. पलटणीचं पत्र, छापील अर्ज, चौकशीचा अहवाल, सगळं ओळीनं. पटवाऱ्याचं वाक्य आलं तसं वेणूबाईनं मध्येच थांबवलं.

"काय म्हटलं पटवाऱ्यानं? नवरा जित्ता हाय म्हणते?"

"असं लिहिलं हाय."

"मंग कोठी हायेत ते बी लिहा म्हणा. पत्ता देवा म्हणा मले. मी जाऊन घेऊन येतो त्याईले."

दाराआडून कुणीतरी खुदकन हसलं. ती राधा. पंधरा वर्षांची, आईसारखीच ताठ. ती सातवी पास झाली होती आणि तिला वर्ध्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. तिथं मुलींचं वसतिगृह होतं, त्यात लढाईत गेलेल्यांच्या मुलींना जागा मिळत असे. पण त्यासाठी बापाचा कागद लागायचा, आणि तो कागद आईच्या अंगठ्यापाशी अडला होता. गावातले पंच येऊन सांगून गेले होते, एका कुंकवापायी पोरीचं नुकसान करतेस. सख्ख्या दिरानंही तेच सांगितलं होतं.

"मले काय समजत नाई का?" वेणूबाई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "राधाचं भलं मले नको हाय का? पण जाताना ते म्हणले, येतो. नाई येत, असं त्याईनं अजून म्हटलं नाई. मी माह्या हातानं अंगठा देऊन कशी म्हणू?"

हवालदारांनी तिला समजावलं नाही. ते एवढंच म्हणाले, "नका देऊ. दुसरा कागद पाहतो."

परतीच्या वाटेवर मी चिडलो. म्हटलं, हवालदार, दुसरा कागद कुठून आणणार? सरकारकडे एकच कागद आहे. कारंजाच्या ढाब्यावर ट्रकची वाट बघत बसलो होतो. त्यांनी दोन चहा सांगितले. मग ब्रह्मदेशाबद्दल कधी नव्हे ते बोलले. त्यांची पलटण वेगळी, पण वाट तीच. जंगलातून पायी. "वाटेच्या कडेले लोक बसलेले राहत, बाबू. तापानं, भुकेनं. हात दाखवत, का पुढं व्हा, मी येतो मागून. आम्ही पुढं झालो." एवढं बोलून त्यांनी चहाचे पैसे दिले.

वर्ध्याला आल्यावर साहेबांनी सोपा उपाय सुचवला. "नगराळे, तू तिकडे होतासच. लिहून दे, माझ्यासमोर मेला म्हणून. साक्षीदार मिळाला की प्रकरण संपलं. बाईचा अंगठाही नको." साहेबांच्या मनात वाईट काही नव्हतं. मलाही वाटलं, सुटलो.

"म्या पाह्यलं नाई, साहेब."

"अरे, पण गेलाच असणार ना तो?"

"असन. पण म्या पाह्यलं नाई. अन् पाह्यलं असतं तं आधी तिले जाऊन सांगतलं असतं. कागदाले मंग."

हवालदार दुसऱ्या दिवसापासून कोर्टाच्या आवारात जायला लागले. तिथं एका म्हाताऱ्या वकिलाच्या बाकड्यापाशी ते रोज उभे राहत, आणि वकील रोज त्यांना उद्या या म्हणत. दहा-बारा दिवसांनी वकील कंटाळले आणि त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं. त्या दुपारी हवालदार जवळजवळ धावत कार्यालयात आले.

"बाबू, लिहा. सात वर्सं ज्या माणसाची खबर त्याच्या घरच्याईले नाई, थो गेला असं धरता येते. कायद्यात हाय."

"बरं. मग?"

"मंग काय? धरायचं ते सरकारनं धराव ना. बाईनं काऊन धराव? बाईनं एवढंच सांगाव का पत्र आलं नाई. ते तं खरं हाय."

मी लेखणी खाली ठेवली. इतकी वर्षं मी त्या कागदांवर बसलो होतो, इंग्रजी मला येत होतं, आणि हे सुचलं तीन इयत्ता शिकलेल्या माणसाला. मला आनंद झाला आणि स्वतःचा रागही आला.

आम्ही नवा मजकूर तयार केला. 'माझे पती फौजेत गेल्यानंतर अमुक सालापासून त्यांचे पत्र, निरोप अगर पैसा मला मिळालेला नाही.' बस. ना मयत, ना विधवा. वेणूबाईनं तो ऐकला, एकदा नाही दोनदा, आणि तिसऱ्यांदा राधाकडून वाचून घेतला. मग अंगठा दिला. कागद वर गेला आणि परत आला, 'विहित नमुन्यात नाही.' पुन्हा पाठवला, पुन्हा परत. त्याच सुमारास राज्य बदललं. नागपूरची कपाटं मुंबईकडे निघाली, आणि आमचा कागद कोणत्या कपाटातून कुठे चाललाय हे सांगणारा कुणी भेटेना. ट्रेनिंगची जागा एक वर्ष हुकली. राधा त्या वर्षी आईबरोबर कापूस वेचायला गेली.

तिसऱ्यांदा कागद परत आला तेव्हा मी कॅप्टनसाहेबांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. त्यांनी तो कागद उचलला, टोपी घातली आणि जेवण न करता स्टेशनवर गेले. नागपूर, तिथून आणखी कुठे कुठे. पाच दिवसांनी परतले ते दाढी वाढलेले. वर कुणाशी काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही. हवालदारांच्या खांद्यावर हात ठेवला फक्त. शाळा उघडायच्या आठ दिवस आधी हुकूम आला.

तो घेऊन आम्ही पुन्हा त्या अंगणात गेलो. शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या. हवालदारांनी कागद धरला आणि मी सांगू लागलो. मध्ये एका जागी मी अडखळलो. तिथं इंग्रजीत विधवा असा शब्द होता. मला वाटलं, हा गाळून पुढे जावं, कुणाला कळतंय? हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "सारं सांगा, बाबू."

मग त्यांनीच तिला सांगितलं. "सरकारनं असं धरलं हाय का ते गेले, अन् तुमाले विधवा म्हणून पेन्शन देल्ली हाय."

जमलेल्या बाया वेणूबाईकडे बघायला लागल्या.

"कोणं धरलं?" वेणूबाईनं विचारलं.

"सरकारनं."

"म्या नाई ना?"

"तुमी नाई. तुमी म्हटलं, पत्र आलं नाई. तेवढंच लिहिलं हाय तुमच्या नावावर."

तिनं जराशी मान वाकडी करून विचार केला. "मंग धरू द्या सरकारले," ती म्हणाली आणि अंगठा पुढे केला. राधा घरात पळाली. तिच्या रडण्याचा आवाज बाहेर येत होता आणि बाया हसत होत्या. परतताना माझे डोळे भरून आले होते, आणि धूळ गेली असं मी हवालदारांना सांगितलं.

राधा ट्रेनिंगला गेली. तो मजकूर आम्ही सायक्लोस्टाइल करून ठेवला, आणि पुढे ज्या ज्या घरातला माणूस बेपत्ता होता तिथं तोच वापरला. शेजारच्या जिल्ह्यातून त्याच्या प्रती मागायला माणूस आला तेव्हा साहेबांनी त्याला हवालदारांपुढे बसवलं आणि मला चहा सांगायला पाठवलं. पेन्शन घेणाऱ्या बाईला दरवर्षी एकदा येऊन लिहून द्यावं लागायचं, मी अमक्याची विधवा, जिवंत आहे, वगैरे. वेणूबाईच्या बाबतीत हवालदार ते छापील वाक्य विचारत नसत. ते विचारायचे, "पत्र आलं?" ती म्हणायची, "नाई." ते म्हणायचे, "लिहा बाबू." तिच्यापुरतं हे असं ठरून गेलं होतं. नियमात बसत नव्हतं, पण साहेबांनी कधी हरकत घेतली नाही.

हवालदारांची मुदत संपली तो शेवटचा आठवडा. ते मुलाकडे नागपूरला जाणार होते. त्यांनी मला बाजारांची यादी दिली, कोणत्या गावात कोण बहिरा आहे, कोणाशी बायकोसमोर बोलायचं नाही, हे सगळं तोंडपाठ करून घेतलं. आणि त्याच आठवड्यात वेणूबाईचा महिना आला. ती आली, बाकावर बसली. राधाला आर्वीकडे शाळा मिळाली होती, ते तिनं सांगितलं.

"पत्र आलं?" हवालदारांनी विचारलं.

"नाई."

मी लिहून घेतलं. डबी उघडली. तिनं अंगठा पुढे केला नाही.

"हवालदार, एक विचारू?"

"विचारा."

"तुमी त्याच वाटेनं चालत आलते. राधाले तुमी सांगतलं. आज मले खरं सांगा. पत्र येईन का?"

मी खाली वहीत बघत राहिलो. मला वाटलं, आता हे काहीतरी गोल बोलतील. देव जाणे म्हणतील, आशा ठेवा म्हणतील. कुणीही म्हटलं असतं. हवालदार खुर्चीतून उठले आणि तिच्यासमोर बाकावर जाऊन बसले.

"म्या त्याईले पाह्यलं नाई, बाई. म्हणून म्या लिहून देल्लं नाई अन् देणार बी नाई. पण तुमी मले विचारलं. पत्र नाई येणार."

ती रडली नाही. पदर सारखा केला.

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "लय वर्सं झाले ठाऊक हाय. पण साऱ्या दुनियेत वर्साचं एक डाव कोणीतरी त्याईच्या पत्राचं विचारते. हे बंद नका करू. पुढच्या साली बी विचारजा."

हवालदार पुढच्या साली तिथं नसणार होते. त्यांनी हो म्हटलं नाही. ते माझ्याकडे वळले.

"बाबू, ऐकलं?"

"ऐकलं," मी म्हटलं.

मग तिनं अंगठा दिला. हवालदार तिला एसटीपर्यंत पोचवायला गेले. खिडकीतून मी त्यांना जाताना पाहिलं. तिची पिशवी त्यांच्या हातात होती, आणि ती काहीतरी सांगत होती, बहुतेक राधाच्या शाळेचं, आणि ते मान खाली घालून ऐकत होते. कचेरीच्या कोपऱ्यावरून दोघं वळली. त्यानंतर मी हवालदारांना पाहिलं नाही.

पुढल्या वर्षी त्याच महिन्यात वेणूबाई आली, आणि मी विचारलं.